शिक्का मारलेली उत्तर

चुकलेल्या माणसाला समजावता येतं. पण चुकलेला माणूस हातात यंत्र घेऊन उभा असेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये. तो ऐकत नाही, आणि यंत्र बिचारं बोलत नाही.

काटा हा असा माणूस होता. सगळा बाजार त्याला काटाच म्हणायचा. पाठीमागे अर्थात, तोंडावर ‘साहेब’ म्हणणं भाग होतं. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात तो निरीक्षक. दुकानात शिरायचं, तराजू तपासायचा, वजनं ताडून पाहायची. बरोबर असली तर शिशाच्या गोळीवर शिक्का ठोकायचा, नसली तर दुकानदाराला. या नोकरीत पुरी हयात गेल्यावर माणसाचं काय होतं? माणसावरचा विश्वास उडतो आणि शिक्क्यावरचा बसतो. लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी त्याने दुसऱ्याच दिवशी ऑफिसच्या काट्यावर तोलली होती. बरोबर भरली, तेव्हा सासऱ्यांना तसं कळवलंही होतं. सासरे ते आजतागायत विसरले नव्हते.

या सासऱ्यांनीच सगळं सुरू केलं. त्यांच्या खिडकीतून समोर एक पठार दिसायचं. चाळीस वर्षं ते खिडकीशी बसून चहा पीत त्या पठाराकडे पाहत आले होते, आणि एके दिवशी कप खाली ठेवून म्हणाले, “मला एकदा तिकडून इकडे बघायचंय.”

आता म्हाताऱ्या माणसाची इच्छा म्हटली की घरात दोन जावई असू नयेत. एक असला तर इच्छा पुरी होते. दोन असले तर स्पर्धा होते.

दुसरा जावई म्हणजे काट्याचा साडू. त्याची मोटार शिकवायची शाळा होती. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर आणि हा शेजारी, पायाखाली स्वतःचा वेगळा ब्रेक घेऊन. जन्मभर चुका दुसऱ्याच्या आणि ब्रेक आपला, त्यामुळे आपण कधी चुकतच नाही असं त्याचं ठाम मत झालं होतं.

“रस्त्याची काळजी सोडा बाबा,” साडू फोन उंच धरून म्हणाला. “यात सगळं आहे. पठार, खिंड, झाडं, दगडसुद्धा.”

“आणि बॅटरी संपली की?” काट्याने विचारलं.

“साडूबुवा, तुम्ही आधी तुमच्या कमरेचं बघा. मागच्या महिन्यात पलंगावरून उठताना ‘आई गं’ ओरडला होतात म्हणे. पठार झेपेल का?”

ही बातमी फुटली कुठून? बायकोकडून मेहुणीकडे आणि मेहुणीकडून साडूकडे. दोन बहिणींच्या मधून बातमी जाताना तिचं वजन कधी कमी होत नाही, वाढतं. काटा त्या क्षणी ताठ झाला (कमरेत कळ आली, पण ताठ झाला) आणि म्हणाला, “मी नेतो सगळ्यांना. होकायंत्रावर.”

होकायंत्र त्याने जुन्या सामानाच्या दुकानातून आणलं. पितळी, झाकणाचं, सुईचं एक टोक लाल. ऑफिसातल्या टेबलावर ठेवून आठवडाभर तपासलं. लाल टोक उत्तरेवरून केसभर हललं नाही. मग त्याला वाटलं, आता शिक्का हवा. पण खात्याच्या नियमांत होकायंत्राला शिक्का मारायची तरतूद नाही. त्याने वरिष्ठांना टिपण पाठवलं. वरिष्ठांनी शेरा मारला, ‘चर्चा करावी.’ चर्चेत वरिष्ठ म्हणाले, “तुमचं तुम्ही बघा.” आपल्याकडे यालाच मंजुरी म्हणतात. काट्याने तारेत शिशाची गोळी ओवली, ती होकायंत्राच्या कडीला बांधली आणि पक्कडीने शिक्का दाबला. आता जगात कोणाची हिंमत होती त्या यंत्राला खोटं म्हणायची?

राहिली कंबर. समोरच्या दारातल्या विमा एजंटला ती गोष्ट कळली. विमे चालेनासे झाल्यापासून तो आरोग्य विकत होता. त्याने काट्याला जिन्यातच गाठलं.

“साहेब, रक्तात काय असतं? लोह. लोहाला कोण खेचतं? चुंबक. हा पट्टा कमरेला बांधला की रक्त धावत येतं. पठार काय, तुम्ही विमान ओढाल!”

काट्याने त्याला हाकलून दिलं. संध्याकाळी पट्टा घरात होता. बायकोने घेतला होता. एकावर एक फुकट होता. दुसऱ्या पट्ट्याचं काय केलं हे काट्याने विचारलं नाही, कारण पहिलाच बांधल्यावर त्याला इतकं बरं वाटलं की त्याची वाचाच गेली. रुंद, काळा पट्टा, आत पेढ्याएवढी सोळा चुंबकं. निघायच्या दिवशी सकाळी त्याने तो बनियनवर आवळला, वरून शर्ट घातला, वरून जॅकेट. “कोणाला बोलू नकोस,” तो बायकोला म्हणाला.

कमरेला सोळा चुंबकं आणि पोटासमोर होकायंत्र. शाळेतल्या पोरालाही इथेच घाम फुटेल. काट्याला नाही फुटला. त्याला विज्ञान येत नव्हतं अशातला भाग नाही. पण पट्टा ही त्याच्या लेखी नसलेली वस्तू होती. जी वस्तू लोकांपासून लपवायची, ती माणूस आधी स्वतःपासून लपवतो. मध्यमवर्गाची निम्मी दुखणी अशीच बळावतात.

निघण्याआधी त्याने सगळ्यांच्या पिशव्या तोलल्या. अंगणात स्प्रिंगचा काटा टांगून, चष्मा पुसून. “पठारावर प्रत्येक छटाक मोजावा लागतो,” असं म्हणत त्याने मेहुणीची पर्स बाद केली, फोनसकट. बायकोचा फोन बाद, स्वतःचाही बाद. बिस्किटांचे पुडे बाद, कारण एकदा जेवल्यावर बिस्किटं कशाला? सासऱ्यांच्या पिशवीतली ग्लुकोजची पुडी त्याने हातात घेऊन पाहिली.

“बाबांना साखरेचा त्रास आहे ना? मग साखर कशाला?”

“अहो, साखर वाढते तशी उतरतेही,” बायको म्हणाली. “उतरली की लागते ती पुडी.”

“दुपारच्या चहाला आपण खिंडीपलीकडे, काल नेऊन ठेवलेल्या गाडीपाशी असू. उतरायला वेळ कुठाय?” काट्याने पुडी बाजूला ठेवली. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा काय करते हे काट्याने आयुष्यात कधी तपासलं नव्हतं.

चढाच्या पायथ्याशी वनखात्याची चौकी होती. वनरक्षकाने वही पुढे सरकवली. “गटप्रमुख कोण?”

“मी,” दोघे साडू म्हणाले.

“एकच लिहा. माणूस हरवला की एकालाच धरायला बरं पडतं.”

काट्याने साडूच्या हातातली पेन काढून घेतली आणि लपेटदार सही केली. वनरक्षकाने एक चिठ्ठी फाडून दिली. “वर सपाटी आहे. सरळ उत्तर धरायची, खिंड लागते. खिंडीखाली आमची दुसरी चौकी. तिथे ही चिठ्ठी द्यायची आणि सही करायची. जाताना ज्याची सही, येताना त्याचीच. आणि धुकं आलं तर उजवीकडे सरकू नका. उजवीकडे कडा आहे, तो वळून मागेपर्यंत येतो.”

“आमच्याकडे यंत्र आहे,” काटा म्हणाला.

“यंत्राला कडा माहीत नसतो साहेब,” वनरक्षक म्हणाला आणि वही मिटून आत गेला.

चढ नीट पार पडला. वर पोचल्यावर सासऱ्यांना त्यांची खिडकी दिसली. खरंच दिसली. हातावरच्या तिळाएवढी. म्हातारा बराच वेळ बघत राहिला. मग म्हणाला, “चाळीस वर्षं मी एवढासा दिसत होतो होय इथून!” सगळे हसले. डबे उघडले, जेवण झालं. साडूने खिडकीचं, सासऱ्यांचं, पठाराचं आणि मुख्यतः स्वतःचं चित्रीकरण केलं. इतकं केलं की फोनने मान टाकली.

आणि डबे भरेपर्यंत धुकं आलं.

धुकं येताना दिसत नाही. आधी लांबचं झाड जातं, मग जवळचं, मग मेहुणी म्हणते, “अहो, कुठे आहात?” आणि तिचा नवरा तिच्या शेजारीच असतो. पाचही जण एकमेकांना चिकटले. साडूने मेलेला फोन खिशातून काढला, दोनदा चोळला आणि परत ठेवला.

काट्याच्या आयुष्यातला तो सर्वोच्च क्षण होता. त्याने खिशातून होकायंत्र काढलं, झाकण उघडलं, ते पोटासमोर धरलं. लाल टोक थरथरलं आणि सरळ पुढे स्थिरावलं. “उत्तर,” काटा म्हणाला. “माझ्या मागे या.”

ते निघाले. काटा पुढे, मागे बायको वडिलांचा हात धरून, मग मेहुणी, शेवटी साडू. गवत ओलं होतं. पायाखालचं तेवढं दिसत होतं. काटा थोड्या थोड्या वेळाने यंत्राकडे बघे आणि प्रत्येक वेळी लाल टोक सरळ पुढे! डबकं आलं म्हणून तो वळला, तरी लाल टोक पुढेच. खडक आला म्हणून दुसरीकडे वळला, तरी पुढेच. जन्मात इतकं बरोबर तो कधी चालला नव्हता.

“मघाशी उत्तर तिकडे होती ना?” मागून साडूचा आवाज आला.

“यंत्राला विचारा.”

“यंत्राला नाही, तुम्हाला विचारतोय. आपण दोनदा वळलो.”

“वळलो म्हणूनच बरोबर आलो!” काटा ओरडला. “यंत्र काय म्हणतंय ते दिसतंय मला. शिक्का आहे त्यावर!”

इतक्यात मेहुणीच्या बुटाचा तळ सुटला. पुढून उघडा, मागून चिकटलेला, प्रत्येक पावलाला टाळी वाजवणारा. तिने वैतागून तो उपटला, एका चपट्या दगडावर आपटला, पायाला रुमाल गुंडाळला आणि म्हणाली, “चला भाऊजी, कुठे मारायचं ते मारा.”

बराच वेळ चालले. खिंड येईना. उजेड उतरू लागला, म्हणजे धुकं पांढऱ्याचं राखाडी झालं. मग काट्याला पुढे एक चपटा दगड दिसला. दगडावर बुटाचा तळ होता.

तळ तिथे असा पडला होता, जणू यांचीच वाट पाहत होता.

“हा दुसऱ्या कोणाचा असेल,” काटा म्हणाला.

मेहुणीने आपला पाय उचलून दाखवला.

“होतं असं. एकाच कंपनीचे बूट...”

“जावईबापू,” सासरे हळू म्हणाले, “मला जरा बसू द्या.”

पण काट्याला बसवेना. त्याचा अपमान झाला होता, आणि अपमान झालेला माणूस चालतो. तो यंत्राकडे बघत तरातरा निघाला. बाकीचे काय करणार? धुक्यात मागे राहण्यापेक्षा मूर्खाच्या मागे जाणं बरं वाटतं. देश असेच चालतात, पण ते जाऊ द्या. आता गवत संपलं होतं, पायाखाली खडक होता, वारा खालून वर येत होता. खालून. हे पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं.

“थांबा!”

साडूच्या पायाने एक धोंडा उडाला होता. तो घरंगळत काट्याच्या बाजूने पुढे गेला, धुक्यात शिरला आणि मग आवाज बंद झाला. सगळे ऐकत राहिले. श्वास घेऊन होईल, सोडून होईल, एवढा वेळ काहीच नाही. मग खूप खाली, दुसऱ्याच जगात, टक्कन वाजलं.

काट्याने पाय मागे घेतला. पुढे तीन पावलांवर पठार संपत होतं, आणि होकायंत्राचं लाल टोक शांतपणे तिकडेच दाखवत होतं.

ते गुडघ्यांवर रांगत मागे आले. एका मोठ्या खडकाच्या आडोशाला बसले. सासऱ्यांच्या कपाळावर एवढ्या गारठ्यात घाम होता. हात थरथरत होते. “गरगरतंय,” ते म्हणाले, आणि नंतर काहीतरी असंबद्ध बोलले, खिडकी लावून घ्या असं.

बायकोने वडिलांचे हात हातात घेतले आणि काट्याकडे पाहिलं. बास, एवढंच. ग्लुकोजची पुडी अंगणात स्प्रिंगच्या काट्याखाली पडली होती हे दोघांनाही माहीत होतं. काट्याने आपले खिसे चाचपले.

मग बायकोने पिशवीच्या तळाशी हात घातला आणि एक फडकं काढलं. फडक्यात लिमलेटच्या गोळ्या होत्या. मूठभर. तिने दोन वडिलांच्या तोंडात घातल्या.

काटा बघतच राहिला. “ही पिशवी मी तोलली होती.”

“हो.”

“तेव्हा यात हे नव्हतं.”

“तोलून झाल्यावर भरलं.”

तोलून झाल्यावर! शिक्का मारून झाल्यावर! ज्या एका गुन्ह्यासाठी काट्याने जन्मभर दुकानदारांना रडवलं, तो त्याच्या घरात, त्याच्या अंगणात, त्याच्या पाठीमागे झाला होता. त्याने तोंड उघडलं. सासऱ्यांच्या गालात गोळी फिरताना दिसली. त्याने तोंड मिटलं. हे त्याला त्या दिवशी जमलेलं पहिलं शहाणपण.

“एवढ्यावर भागायचं नाही,” बायको म्हणाली. “अंधाराआधी खाली उतरायला हवं. कुठे जायचं ते नक्की सांगा. नक्की.”

काटा उठला. चष्म्यावर पाणी साचलं होतं. चष्मा पुसायला दोन्ही हात हवेत, म्हणून त्याने होकायंत्र दगडावर ठेवलं आणि चार पावलं बाजूला झाला. चष्मा घालून पाहतो तर लाल टोक फिरलेलं. कड्याकडे नव्हतं. चक्क मागे, जिथून आले तिकडे होतं.

तो यंत्राजवळ गेला. लाल टोक गर्रकन त्याच्याकडे पाठ करून पलीकडे गेलं. तो मागे झाला. लाल टोक परत आलं. तो डाव्या बाजूने गेला, लाल टोक उजवीकडे पळालं. एखादा खवट म्हातारा नको असलेल्या पाहुण्याकडे पाहून तोंड फिरवतो, तसं ते यंत्र त्याला पाहून तोंड फिरवत होतं.

आणि मग त्याचा हात आपोआप कमरेवर गेला.

जेवणानंतर तो उत्तरेला चाललाच नव्हता. तो ज्या दिशेला तोंड करील, ती उत्तर होत होती! घरात, ऑफिसात, बाजारात हेच चालत आलं होतं. फक्त तिथे कडा नव्हता.

आता मर्दाने काय करावं? सांगावं. सरळ सांगावं की बाबांनो, मी चुकलो, कंबर दुखते म्हणून पट्टा घातलाय, माफ करा. दोन वाक्यांचं काम. पण साडू समोर बसला होता. साडूसमोर शर्ट वर करण्यापेक्षा कड्यावरून उडी सोपी असं काट्याला प्रामाणिकपणे वाटलं. असल्या माणसांना चाबकाने फोडलं पाहिजे, पण मग घरटी एक तरी फोडावा लागेल.

“मी जरा जाऊन येतो,” काटा करंगळी दाखवत म्हणाला आणि खडकामागे गेला. पट्ट्याचं टोक धरून ओढलं.

चर्र्र्र.

धुक्यात आवाज लांब जातो. “काय फाटलं हो?” साडू ओरडला.

“काही नाही!”

पट्टा खडकाच्या कपारीत कोंबून काटा बाहेर आला. कंबर सुटल्याबरोबर वाकली. तो काटकोनात चालत दगडापाशी आला, होकायंत्र उचललं. लाल टोक बरोबर मागच्या दिशेला. आता ते हलत नव्हतं. “हं,” तो शक्य तितक्या सहज म्हणाला, “यंत्र आता स्थिर झालंय. इकडे जायचं.”

“इकडे?” साडू उठला. “आत्ता तर बरोबर उलटी दिशा दाखवत होतात! आणि वाकलात का असे?”

“काहीतरी शोधतोय.”

“आणा ते इकडे! म्हाताऱ्याचा जीव घ्याल.” साडूने होकायंत्र हिसकावलं आणि पोटासमोर धरलं. त्याचा चेहरा उजळला. “अरे! हे काय! हे तर सरळ समोर दाखवतंय. ही बघा उत्तर! मघाशीच म्हणत होतो, तुम्हाला यंत्र धरताच येत नाही.”

काट्याने पाहिलं. लाल टोक साडूच्या पोटाकडे पाठ करून सरळ पुढे. पुढे म्हणजे कड्याकडे.

असं कसं? पट्टा तर कपारीत होता.

एकावर एक फुकट. दुसऱ्या पट्ट्याचं काय केलं?

साडू निघाला होता. ढांगा टाकत, मान वर करून, डोळे यंत्रावर. “या माझ्या मागे,” तो म्हणत होता, आणि त्याची पाठ धुक्यात फिकट होत चालली होती. काट्याला धावता येईना. तोंडात एकच वाक्य होतं, आणि ते बोललं की दोघांचीही अब्रू जाणार होती. बाजूला मेहुणी उभी होती, एका पायात बूट, एका पायात रुमाल. तिच्याकडे पाहिलं आणि काटा सगळा जीव गोळा करून ओरडला, “थांबा! तुमच्या कमरेला चुंबकाचा पट्टा आहे!”

ढांगा थांबल्या.

“कसला पट्टा?” धुक्यातून आवाज आला. फार बारीक होता.

“माझ्या कमरेला होता तोच! यंत्र उत्तर दाखवत नाहीये, तुमच्या पोटाला घाबरतंय! पाय उचलू नका, पुढे कडा आहे!”

“माझ्याकडे पट्टाबिट्टा काही नाही. माझी कंबर ठणठणीत आहे.” आवाज आला, पण माणूस आला नाही. पुढेही गेला नाही. कड्यावर एक पाय आणि अब्रूवर एक पाय, असा साडू अडकला होता. आता त्याच्या पायाखाली ब्रेक नव्हता.

दोघी बहिणींनी एकमेकींकडे पाहिलं. “तू दिलास त्यांना?” बायको हळूच म्हणाली.

“तूच म्हणालीस ना ताई, फुकटचा आहे, भाऊजींना कळू देऊ नकोस.”

“मी म्हटलं होतं घरात वापरा!”

तेव्हा खडकाला टेकलेल्या सासऱ्यांनी तोंडातली गोळी एका गालातून दुसऱ्या गालात नेली. डोळ्यांत जरा धुगधुगी आली होती. “दोघेही इकडे या,” ते म्हणाले. आवाज हलका होता, पण मुली ज्या आवाजाला घाबरून वाढल्या तो होता. “या. आणि शर्ट वर करा.”

साडू आला. मान खाली घालून आला. मग त्या पठारावर, धुक्यात, दोन कर्त्या पुरुषांनी सासऱ्यासमोर रांगेत उभं राहून शर्ट वर केले. एकाच्या बनियनवर पट्ट्याचा नुसता वळ होता. दुसऱ्याच्या बनियनवर पट्टा होता. काळा, रुंद, अगदी तसाच.

“वा,” सासरे म्हणाले. “एकाच ठिकाणी फसलात. माझ्या मुलींनी निवड बरोबर केलीय.”

मेहुणीला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली, कारण तिचा नवरा मघाशी जिथे उभा होता तिथून पुढे काहीच नव्हतं.

बायकोने साडूच्या हातातून होकायंत्र घेतलं. ती त्या दोघांपासून लांब गेली. आणखी लांब. यंत्र तळहातावर धरून एकदा उजवीकडे वळली, एकदा डावीकडे. ती वळली तरी लाल टोक वळलं नाही.

“हां,” ती म्हणाली. “तुमच्यापासून लांब उभं राहिलं की बरोबर दाखवतं.”

मग वरात निघाली. काट्याला सरळ चालता येईना, म्हणून त्याचा पट्टा कपारीतून काढून पुन्हा आवळावा लागला. साडूनेही काढलेला परत घातला. त्याचीही कंबर सकाळपासून बोलत होती. पट्टेवाल्यांनी हाकेच्या अंतरावर मागून यायचं असं ठरलं. पुढे बायको, तिच्या आवाजामागे मेहुणी आणि सासरे. अधूनमधून धुक्यातून विचारणा होई, “आहात का?” आणि मागून दोन पुरुष एका सुरात म्हणत, “आहोत.”

“तुम्हाला कधीपासून?” काट्याने हळूच विचारलं.

“चार वर्षं,” साडू म्हणाला. “दिवसभर शेजारच्या सीटवर आवळून बसायचं. शिकाऊ माणसाचा भरवसा नसतो हो.” त्याने पट्टा जरा वर ओढला. “तुम्ही ओरडला नसतात तर...”

“जपून. डबकं आहे.”

पुढून गोळ्यांच्या कागदाचा आवाज येई, तेवढा काटा कान देऊन ऐकत होता. कागद वाजला की सासरे चालताहेत. एकदा बराच वेळ कागद वाजला नाही. काटा जागच्या जागी थांबला. “गोळ्या संपल्या,” बायकोचा आवाज आला. “बाबा, चला, खांद्यावर हात ठेवा.” मेहुणीच्या रुमाल बांधलेल्या पायाचा आवाज आणि म्हाताऱ्याच्या घसटत्या चपलांचा. घसटतंय, थांबतंय. घसटतंय, थांबतंय. मदतीला पुढे जावं तर यंत्र बिघडणार. आपण जवळ गेलो की आपलीच माणसं चुकतात, आणि मागे राहणं हीच आपली मदत, असलं काही काट्याने कधी तोललं नव्हतं. ते फार जड होतं.

मग वारा बदलला, दोन्हीकडे काळे खडक उभे राहिले. खिंड. धुक्याखाली उतरताच दिवा दिसला, दिव्याशेजारी चौकी, चौकीशेजारी गाडी. मेहुणी एका बुटावर धावत सुटली आणि गाडीतला बिस्किटांचा पुडा दातांनीच फाडत परत आली. सासऱ्यांनी पहिलं बिस्किट खाल्लं, दुसरं खाल्लं, चहात बुडवून तिसरं. मग सगळ्यांकडे ओळीने पाहून प्रत्येकाला ओळखलं. बायको तिथेच पायरीवर बसली.

चौकीतल्या वनरक्षकाने वही काढली. “किती वेळ लावलात! गटप्रमुख कोण?”

बायकोने होकायंत्र टेबलावर ठेवलं आणि चिठ्ठी पुढे केली. वनरक्षकाने चिठ्ठी वाचली, दाराबाहेर पाहिलं. अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, झाडाखाली, दोन गृहस्थ हाताची घडी घालून ताठ उभे होते.

“ते दोघे तिकडे लांब का उभे?”

“ते जवळ आले की रस्ता चुकतो,” बायको म्हणाली.

“पण सही त्यांच्यातल्या एकाची आहे. जाताना ज्याची, येताना त्याचीच. नियम आहे.”

नियम म्हटल्यावर काटा आला. त्याला यावंच लागलं. तो टेबलाशी वाकला, आणि शिशाची गोळी लटकणाऱ्या त्या पितळी डबीतलं लाल टोक गर्रकन फिरून त्याच्याकडे पाठ करून बसलं. वनरक्षक चाट पडला. “अहो, हे तुम्हाला बघून...”

“हो,” काटा म्हणाला.

त्याने सही केली. लपेटे न मारता, नुसती. पेन ठेवली, बायकोकडे पाहिलं. कोणी सांगितलं नव्हतं, तरी तो मागे वळला आणि अंगण ओलांडून झाडाखाली आपल्या जागी जाऊन उभा राहिला.

टेबलावरची सुई थरथरली आणि उत्तरेला गेली.